मराठीत वाचून समजावून सांगितले

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, निपाणी कोर्टाच्या आवारात जिच्याबरोबर रोज दुपारचा डबा खाते त्या मैत्रिणीलाही नाही. बोलायला गेले की जीभ टाळ्याला चिकटते — आणि माझी जीभ, ओळखणाऱ्यांना विचारा, सहसा कुठं चिकटत नाही. वकिलीच तिच्यावर चाललीय माझी. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

आधी एक सांगून ठेवते. जिच्याबद्दल बोलणार आहे तिला मी रूपा म्हणणार, आणि ते तिचं नाव नाही. तिला एक आजार होऊन गेला. कुठला, ते सांगणार नाही. दवाखाना कुठला, तेही नाही. ज्याचं नाव ऐकलं की माणसं आपलं लेकरू त्या बाईच्या मांडीवरून उचलून घेतात, असा आजार — एवढं तुम्हाला पुरे. तुम्ही वैतागाल, अर्धवट काय सांगते ही बाई म्हणून. वैतागा. मी ते एकदा पूर्ण लिहिलंय, आणि त्यातनंच हे सगळं झालंय.

रूपा सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या एका खेड्यातली. शाळा मराठी, कन्नड वाचता येत नाही. नवऱ्यानं टाकल्यावर ती निपाणीत भावाच्या गल्लीत खोली घेऊन राहिली आणि पुढच्या खोलीत लेकरं सांभाळायला लागली. तंबाखूच्या वखारीत कामाला जाणाऱ्या बायका सकाळी लेकरू तिच्याकडं सोडायच्या. ती त्यांना गाणी शिकवायची, भरवायची, दुपारी ओळीनं झोपवायची. मी एकदा कागदावर सही घ्यायला गेले, तर एक पोर तिच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपलं होतं आणि ही तशीच अवघडून बसलेली. मला खुणेनंच म्हणाली, थांबा. मी वकील, मला कायम घाई. पण थांबले. त्या घरात लई शांत वाटायचं.

तिचा पोटगीचा अर्ज मी केला. आता आमच्याकडं हे काम कसं चालतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पक्षकार बोलतो मराठीत. मी ऐकते मराठीत. कोर्ट कर्नाटकाचं, म्हणून अर्ज होतो कन्नडमध्ये. मग सही घ्यायच्या आधी मी तो पक्षकाराला वाचून दाखवते, म्हणजे डोळ्यांसमोर कन्नड आणि तोंडातनं मराठी. आणि शेवटी एक ओळ असते: मजकूर अर्जदारास मराठीत वाचून समजावून सांगितला, तिला तो मान्य आहे. त्याखाली तिची सही, शेजारी माझी. इथं आम्ही सगळेच हे करतो. ती ओळ इतकी सवयीची झालेली असते की तिच्याकडं कुणी बघतसुद्धा नाही.

त्या आजाराचं रूपानं मला ऑफिसात सांगितलं. बरोबर तिची वहिनी होती, भावाची बायको. वहिनी चिक्कोडीकडची, कन्नड शाळेत शिकलेली, बोलायला कमी. आजारपणात दवाखान्यात रूपाच्या उशाशी हीच बसली होती. भावालाही पुरतं ठाऊक नव्हतं. नणंद-भावजयीनं आपसात झाकून ठेवलं होतं. बोलून झाल्यावर रूपा म्हणाली, “म्याडम, तुम्ही म्हणून सांगिटलं. कागदात घालू नका बगा हे.”

मी म्हणाले, “न्हाय घालत. तू बिनघोर रहा.”

मग ऑर्डर झाली, अंतरिम पोटगीची, नुसत्या कागदपत्रांवर आणि युक्तिवादावर. आमच्या बाजूनं झाली. रूपानं पेढे आणले. आणि ती ऑर्डर कोर्टाच्या साईटवर चढली.

या साईटबद्दल बोलायला लागले की माझं डोकं फिरतं. आमच्या मुलखात घरटी एक तरी जमिनीचा दावा, त्यामुळं मोबाईलवर तारीख बघण्यात म्हातारी माणसंसुद्धा पटाईत. बरं, नुसतं आडनाव टाकलं तरी यादी येते. गल्लीतल्या एकानं आपल्या दाव्याची तारीख बघायला आडनाव टाकलं, आणि अख्ख्या गल्लीचं आडनाव एकच! रूपा माहेरचंच आडनाव लावते, म्हणून खाली तिचंही नाव आलं. त्यानं उघडलं. तुम्ही उघडलं नसतं? खरं सांगा. आत तिचं नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, आणि तो परिच्छेद. आजाराचं नाव, दवाखान्याचं नाव, सगळं. त्यानं फोटो काढला, आजाराच्या नावाभोवती लाल गोल केला आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वर हात जोडलेलं चित्र.

लेकरं येईनाशी झाली. एकदम नाही. एकजण गावाला गेली, एकीची सासू आलीय सांभाळायला, एकीचं पोर आता शाळेत घातलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. शेवटी एकच पोर उरलं, तेच पदर धरून झोपणारं, आणि एका दुपारी त्याची आत्या येऊन झोपेतच त्याला उचलून घेऊन गेली. हे रूपानं मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. म्हणाली, “पदर सुटंना त्याच्या मुठीतनं. आत्यानं बोटं सोडवली एकेक.”

मी पेटले. काय काय केलं नाही मी! कचेरीत गेले, तर म्हणाले बेळगावला विचारा. बेळगावला गेले, तर म्हणाले साईट आमच्या हातात नाही. एक साहेब तर मलाच शिकवायला लागले, म्हणे बाई, न्यायालय खुलं असतं. अहो, खुलं म्हणजे दारं-खिडक्या काढून ठेवलेलं काय? न्याय कसा होतो ते लोकांनी बघावं म्हणून दार उघडं ठेवायचं, का एका बाईचं दुखणं गल्लीनं चाखत बसावं म्हणून? त्यात आणखी खाजगी साईटवाले, ते तिथनं उचलून आपल्याकडं लावतात. त्यांना ईमेल करा, उत्तर नाही. मी ओरडले, भांडले, अर्ज केले. बार असोसिएशनमध्ये माझं नाव झालं. बाई पक्षकारासाठी किती जीव टाकते बघा!

आता सांगते.

साईटनं तो परिच्छेद लिहिला नव्हता. न्यायाधीशांनीही नाही, त्यांनी फक्त आमच्या अर्जातनं उतरवून घेतला होता. तो मी लिहिला होता. 'न्हाय घालत' म्हणून शब्द दिला, आणि रूपा जिना उतरून गेल्यावर बसून लिहिला, चांगला सविस्तर. का? समोरच्या बाजूला माझेच जुने सीनियर होते, ज्यांचं ऑफिस मी भांडून सोडलं होतं. ते म्हणणार होते, बाई लेकरं सांभाळून कमावते, पोटगी कशाला? मला एक सणसणीत उत्तर हवं होतं. आजारातनं उठलेली बाई आहे, हिला जास्त काम झेपत नाही. बघा, कसं बसतं! लिहिताना मला मजा आली होती. हो, मजा. हा शब्द खोडावा असं वाटतंय, पण खोडत नाही.

आणि मला कायदा ठाऊक होता हो! नावाच्या जागी क, ख अशी नुसती अक्षरं घालायची विनंती करता येते. दवाखान्याचा कागद बंद पाकिटात देता येतो. बंद खोलीत सुनावणी मागता येते. एक छोटा अर्ज, एवढंच काम. पण तो अर्ज केला असता तर रूपाला सांगावं लागलं असतं, की झाकायला मागतेय ते मुळात मी लिहिलंय. म्हणून नाही केला. निपाणीच्या कोर्टातला कागद कोण वाचत बसतंय, असं स्वतःला सांगितलं.

मग सहीचा दिवस. रूपा समोर बसलेली, हात मांडीवर. मी अर्ज वाचायला घेतला. लग्न कधी झालं, नवऱ्यानं कसं वागवलं, घरातनं कसं काढलं. ती मान हलवत होती. तो परिच्छेद आला. मी पान उलटलं. अडखळलेसुद्धा नाही. पुढचा परिच्छेद अशा आवाजात सुरू केला की मधे काही नव्हतंच. तिनं सही केली. मी त्या ओळीशेजारी माझी केली.

त्या दिवशी वहिनी बरोबर असती तर? नव्हती. मी मुद्दाम अशी वेळ दिली होती का, की वहिनीला घरचं काम असेल? मी यावर पुष्कळ विचार केलाय आणि मला उत्तर सापडत नाही. म्हणजे बहुतेक दिलीच असेल.

तुम्हाला वाटलं असेल, झालं, हीच ती कबुली. नाही हो. एवढंच असतं तर मी केव्हाच कुणाला तरी सांगून मोकळी झाले असते.

लेकरं जायला लागली तेव्हा रूपा माझ्याकडं आली आणि तिनं सरळ विचारलं, हे कोर्टात कुणी सांगितलं? मी म्हणाले, “समोरच्या वकिलाला कुठनं तरी कळलं असंल.” तोंडातनं निघून गेलं. ती म्हणाली, “हे तुमास्नी ठावं, आणि वहिनीला ठावं. तिसरं कोण न्हाय.” मी काय म्हणायला हवं होतं? एक वाक्य. मीच लिहिलं, रूपा. तीन शब्द. मी टेबलावरची फाईल सरळ केली आणि म्हणाले, माणसाच्या तोंडनं कधी कधी निघून जातं. बस्स. वहिनीचं नावही घेतलं नाही मी. घ्यायची गरजच पडली नाही.

ती घरी गेली आणि वहिनीशी भांडली. वहिनीनं काय केलं असेल? ती कन्नड शिकलेली बाई. तिनं सायबर कॅफेतनं ती ऑर्डर छापून आणली, वाचली, आणि रूपाला सांगितलं की यात स्वच्छ लिहिलंय, हे अर्जदारानंच सांगितलं म्हणून. म्हणजे तुझ्याच अर्जात होतं. रूपाचा विश्वास बसेना. का बसेना? कारण मी तिला वाचून दाखवलं होतं. “म्याडमनी मला अक्षर न् अक्षर वाचून दाखीवलंय,” म्हणाली ती वहिनीला. “त्यात तसलं काय न्हवतं.”

गल्लीत कन्नड वाचणारे ढीगभर आहेत. पण रूपाशी त्या विषयावर बोलायला जाणार कोण?

मग दोघी माझ्याकडं आल्या. माझ्या ऑफिसात, त्याच खुर्च्यांवर. वहिनीनं छापलेली ऑर्डर टेबलावर ठेवली आणि रूपा म्हणाली, “म्याडम, तुमीच वाचा. तुमी वाचला की मिटलं.”

इथं मी थांबू शकत होते. बघा ना, सगळी सोय झाली होती. कागद समोर, दोघी समोर, दार लावलेलं. मला नवीन काही बोलायचंही नव्हतं, फक्त समोर जे लिहिलंय ते मराठीत म्हणायचं होतं. माझं रोजचं काम.

मी वाचायला लागले. त्या परिच्छेदापाशी आले. या वेळी पान उलटता येत नव्हतं, वहिनीचं बोट त्याच्यावरच होतं. तिथं लिहिलं होतं, अर्जदाराचे म्हणणे असे की. आणि मी मोठ्यानं म्हणाले — सामनेवाल्याचे म्हणणे असे की.

वहिनीनं मान वर केली. “तसं न्हाय त्यात,” ती म्हणाली. “अर्जदार म्हणून हाय. मला येतंय की वाचायला.”

मी हसले. आई शप्पथ, हसले मी. वयानं मोठ्या बाईला समजावून सांगताना हसतात तसं. म्हणाले, “वहिनी, घरातली कन्नड वेगळी, कोर्टाची कन्नड वेगळी.”

कोर्टाची कन्नड वेगळी! जी बाई कन्नडमध्येच वाढली, जी आपल्या आईशी अजून फोनवर कन्नडच बोलते, तिला मी सांगितलं. मी, जिला पहिली दोन वर्षं कन्नड अर्ज दुसऱ्याकडनं तपासून घ्यावे लागत होते. आणि ती अर्जदार-सामनेवाल्याचा शब्द ओळखत नाही, असं म्हणायला मला काहीच वाटलं नाही. रूपा वहिनीकडं वळून म्हणाली, “बघितलास?” फक्त एवढंच. वहिनी माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मलाही कळलं होतं. तिनं कागदाची घडी केली, पिशवीत घातली, चप्पल घातली आणि जिना उतरून गेली. रूपा मागं थांबली, माझ्याजवळ रडायला. मी तिला पाणी दिलं आणि पाठीवर हात ठेवला.

पहिल्यांदा गाळलं तेव्हा ते केस जिंकण्यासाठी होतं, असं म्हणता येईल. दुसऱ्यांदा जिंकण्यासारखं काय होतं?

पुढं मी ती लढाई चालवलीच, नाव झाकायची. चिडून चालवली, आणि सगळ्यांना वाटलं की मी व्यवस्थेवर चिडलेय. होतेही. अजून आहे. एका बाईचं नाव झाकायला इतके खेटे घालावे लागावेत, याचा मला आजही संताप येतो, आणि त्याच वेळी स्वतःची किळस येते, आणि दोन्ही एकदम आलं की मी ज्युनिअर मुलींवर उगीच खेकसते. अखेर विनंती मान्य झाली. साईटवरनं ती ऑर्डर काढली, तिच्या जागी दुसरी लावली. त्यात नावाच्या ठिकाणी अक्षरं, आणि तो परिच्छेद गाळलेला. बरोबर झालं. व्हायलाच हवं होतं. पण त्याबरोबर मीही झाकली गेले. आता रूपानं साईटवरची ऑर्डर कुणाकडनंही वाचून घेतली तरी तिला काही सापडायचं नाही, आणि वहिनीच्या पिशवीतला कागद ती मागायची नाही. मूळ अर्जाची फाईल माझ्याच कपाटात आहे. नव्या वकिलांपुढं पक्षकाराच्या खाजगीपणावर बोलायला हल्ली मला बोलावतात. चांगली बोलते मी. टाळ्या पडतात.

लेकरं काही परत आली नाहीत. साईटवरनं गेलं तरी माणसांच्या डोक्यातनं कुठं जातंय? रूपा आता एका दुकानात कपड्यांच्या घड्या घालते.

आम्ही तिघीही जैन, एकाच बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जाणाऱ्या. पर्युषण संपलं की क्षमावाणीच्या दिवशी आमच्यात सगळे सगळ्यांची क्षमा मागतात, शेजाऱ्याची, भाऊबंदांची, समोर येईल त्याची. रूपा आणि वहिनीची घरं एका भिंतीची, पण त्या दिवशी बस्तीत रूपा तिच्यासमोरून मान फिरवून गेली. दोघींच्या मधे मीच उभी होते. मग वहिनी माझ्यापुढं आली. मला वाटलं, आता बोलणार, सगळ्यांसमोर. तिनं हात जोडले आणि म्हणाली, “उत्तम क्षमा. काय चुकलं असंल तर.” रीतच ती. मीही हात जोडले आणि तेच म्हणाले. काय चुकलं असंल तर! माझ्या तोंडातनं ते अगदी सहज आलं.

म्हणून इथं मी क्षमा मागत नाही. मागायची रीत मला फार चांगली येते.

काल रूपा आली होती. पोटगी थकलीय, त्याच्या वसुलीचा अर्ज करायचा होता. मी कन्नडमध्ये तयार केला, छापून घेतला, तिच्यासमोर ठेवला. म्हणाले, थांब, वाचून दाखवते. या वेळी सगळं वाचणार होते, स्वल्पविरामासकट. आणि त्याच्यानंतर कदाचित ते दुसरंही बोलले असते, सकाळपासून मनाशी घोकत होते. तिनं टेबलावरचं पेन उचललं.

“ऱ्हाऊ दे वो म्याडम,” ती म्हणाली. “तुमच्यावर न्हाय तर मग कुणावर विश्वास ठेवायचा?” आणि मी तोंड उघडायच्या आधी तिनं शेवटचं पान काढून, त्या ओळीखाली सही केली.

मी शेजारी माझी केली.